गाणं शोधणं वेगळं, आणणं वेगळं: फाइल शेअरिंगच्या कुठल्या पद्धतीत काय हाती लागतं?

खरखर (धागाकर्ता)

परवा कपाटाच्या तळाशी जुनी ८० जीबीची हार्ड डिस्क सापडली. चालेल असं वाटलं नव्हतं, पण जरा कुरकुर करून फिरायला लागली. आत ‘गाणी’, ‘गाणी नवीन’, ‘गाणी नवीन २’ आणि ‘लावायची आहेत’ असे चार फोल्डर, मिळून साडेतीन हजारांच्या आसपास फाइली. दोन संध्याकाळी त्या चाळण्यात गेल्या आणि एक गंमत लक्षात आली. फाइल कुठून आली हे तिच्या नावावरूनच कळतं.

एकाच गाण्याच्या पाच प्रती आणि पाचही प्रतींवर वेगवेगळा कलाकार, म्हणजे कझा किंवा लाइमवायर (दोन्ही फाइल शेअरिंगचे जुने प्रोग्रॅम). नावाआधी चौकटी कंसात कुठल्यातरी संकेतस्थळाची जाहिरात, म्हणजे ईम्यूल, तसाच आणखी एक प्रोग्रॅम. सगळी अक्षरं स्मॉल, शब्दांमध्ये अंडरस्कोअर आणि शेवटी तीन अक्षरांची सही, म्हणजे आयआरसी या जुन्या चॅटच्या जाळ्यावरून आलेला माल. वर्ष, अल्बम, ट्रॅक क्रमांक सगळं जागच्या जागी आणि सोबत कव्हरचा फोटो, म्हणजे सोलसीक किंवा टोरंट. शीर्षक तिसाव्या अक्षरावर तुटलेलं असेल तर फाइल फारच जुनी. (एमपी३च्या पहिल्या टॅगला फाइलच्या शेपटाला जेमतेम १२८ बाइट जागा असे, त्यात शीर्षकाला ३० अक्षरं. शैलीसाठी एक बाइट. तो शून्य राहिला की शैली ‘ब्लूज’. माझ्या डिस्कवर निम्मी दुनिया ब्लूज वाजवतेय.)

एवढी वर्षं यात घालवल्यावर माझं मत असं झालंय की ‘डाउनलोड’ या एका शब्दात आपण दोन कामं कोंबली. एक शोधण्याचं, दुसरं आणण्याचं. आणण्यात जी पद्धत तरबेज, ती शोधण्यात बहुतेक वेळा ठोंब्या.

नॅप्स्टरपासून बघा. जून १९९९ मध्ये आलं. गाण्यांची यादी मध्यवर्ती सर्व्हरवर, गाणी मात्र लोकांच्या घरच्या संगणकांवर. शोध घेतला की उत्तर यादीतून यायचं आणि फाइल थेट समोरच्याकडून. यादी एका जागी असल्यामुळे शोध झटपट होई, आणि यादी एका जागी असल्यामुळेच कोर्टाला ती बंद करणंही सोपं गेलं. जुलै २००१ मध्ये खेळ खलास.

नॅप्स्टर बंद पडण्याआधीच, मार्च २००० मध्ये ग्नुटेला आलं होतं. तिथे सर्व्हरच नाही. तुमचा प्रश्न शेजाऱ्यांना, त्यांच्याकडून त्यांच्या शेजाऱ्यांना, अशा साधारण ७ उड्या. गावात दवंडी पिटल्यासारखं. पण दवंडी जिथवर पोचते तिथवरच उत्तर मिळतं. गाणं जाळ्यात कुठेतरी असूनही तुम्हाला ‘नाही’ असं ऐकू येऊ शकतं. शिवाय सगळेच दवंडी पिटायला लागले की गोंगाटातच निम्मी बँडविड्थ संपे. पुढे जाड कनेक्शनवाल्यांना मुकादम नेमून ती अडचण बरीचशी सोडवली गेली. कझा ज्यावर चालायचं त्या फास्टट्रॅकमध्येही हेच सूत्र.

टोरंट (फाइल तुकड्या-तुकड्यांनी एकाच वेळी अनेकांकडून आणणारी पद्धत) मला आणण्याचं सगळ्यात सुंदर यंत्र वाटतं. शोधण्यासाठी मात्र त्यात मुळात काही नाहीच. २००१ मध्ये ब्रॅम कोहेननं ते लिहिलं तेव्हा ‘तुम्हाला काय हवंय हे तुम्हाला माहीत आहे’ हे गृहीतच होतं.

आणि सोलसीक. त्यावर सविस्तर खाली लिहीनच, कारण माझा कल तिकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

आता कामाचं. त्याच डिस्कवर एक फाइल आहे. ४ मिनिटं ११ सेकंद. पियानो, मागे ब्रशनं वाजवलेले ड्रम्स, साधारण दुसऱ्या मिनिटाला प्रेक्षकांत कुणीतरी खोकतं आणि शेवटी टाळ्या मध्येच कापल्यात. टॅगवर एका जगप्रसिद्ध पियानोवादकाचं नाव आहे, पण ते त्यांचं नाही. त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण मी ऐकलंय, हात वेगळा आहे. ही फाइल मी वीसेक वर्षं कुणा भलत्याचीच समजून ऐकत होतो. कुणाची आहे हे कसं शोधायचं? आणि त्या निमित्तानं, तुमच्या अनुभवात कुठली पद्धत कशासाठी चांगली?


मोडेमवीर

नॅप्स्टरचं नाव काढलंत आणि मोडेमचा तो किंचाळण्याचा आवाज कानात आला.

हिशेब सांगतो. १२८ केबीपीएसचं ४ मिनिटांचं गाणं म्हणजे ३.८ एमबी. ५६के मोडेमवर हातात पडायचे सेकंदाला जेमतेम ५ केबी. म्हणजे एका गाण्याला तेरा मिनिटं, तीही समोरचा तितका वेळ टिकला तर. ९४ टक्क्यांवर घरातल्या कुणीतरी फोन उचलला की संपलं. त्यामुळे आम्ही गाणी फार विचार करून निवडायचो, आणि उतरलेलं गाणं वाईट निघालं तरी चार वेळा ऐकायचो. आणलंय एवढ्या कष्टानं तर!

नॅप्स्टरमध्ये एक गोष्ट होती जी लोक विसरले. समोरच्याच्या नावावर क्लिक करून त्याची सगळी यादी बघता यायची. हव्या त्या गाण्यासाठी जायचं आणि त्याच्याकडचं भलतंच काहीतरी घेऊन यायचं. माझी निम्मी आवड अशी घडली.


गाढवप्रेमी

ईम्यूलची बोळवण जाहिरातवाल्या नावांवर केलीत, निषेध. :)

कझा आणि ईम्यूल एका पंगतीत बसवू नका. कझात फाइलची ओळख पटवायला जो हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) होता तो पहिले ३०० केबी आणि पुढे ठरावीक अंतरावरचे तुकडे एवढंच मोजायचा. मधला भाग कुणी बदलला तरी हॅश तोच. म्हणजे दारावर पाहुण्याचा फक्त चेहरा बघायचा आणि पिशवीत काय आहे ते विचारायचंच नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी कामाला लावलेल्या लोकांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. सुरुवात बरोबर आणि मध्ये किंचाळणारा आवाज, अशा हजारो फाइली त्यांनी सोडल्या. २००३ मध्ये मॅडोनाच्या नव्या अल्बमच्या नावानं ज्या खोट्या फाइली फिरत होत्या, त्यांत खुद्द तिच्याच आवाजात शिवी हासडलेली होती. ती फाइल मला मिळाली होती. गाण्यापेक्षा जास्त वेळा वाजवली.

ईम्यूल ज्या जाळ्यावर चालतं त्या ईडॉंकीमध्ये पूर्ण फाइल ९.२८ एमबीच्या भागांत मोजली जायची, प्रत्येक भागाचा स्वतंत्र हॅश. बनावट भाग आला तर फेकून पुन्हा मागवायचा. आणि ईम्यूलच्या कॅड जाळ्यात सर्व्हरशिवाय शब्दांनी शोधता येतं. टोरंटचं डीएचटी (सर्व्हरशिवाय पत्ते सांगणारं जाळं) त्याच कॅडेम्लिया कल्पनेवर उभं आहे, पण त्याला शब्द कळत नाहीत. हॅश द्या, तो कुणाकडे आहे ते सांगेन, एवढंच. धागाकर्ते म्हणतात ते शोधणं-आणणं ईम्यूलनं एका छताखाली आणलं होतं.


खरखर

गाढवप्रेमी, कझाबद्दल पूर्ण मान्य. पण त्या ९.२८ एमबीमध्येच गाण्यांपुरती गोची आहे. ईम्यूलमध्ये एखादा भाग पूर्ण झाल्याशिवाय तो पुढे देता येत नाही. चार एमबीचं गाणं म्हणजे एकच भाग, तोही अर्धवट. म्हणजे पूर्ण उतरेपर्यंत तुमच्याकडून कुणालाच काही मिळणार नाही. सगळे त्या एका बिचाऱ्याच्या दारात रांग लावून. सिनेमा किंवा अख्ख्या अल्बमची झिप असेल तर ईम्यूल चालतं, सुट्या गाण्याला ते यंत्र अवजड. मी एका गाण्यासाठी रांगेत २,३०० वा होतो. संगणक रात्रभर चालू ठेवून सकाळी बघितलं तर २,३४०.


गाढवप्रेमी

रांगेत मागे सरकलात कारण तुम्ही काही देत नव्हता. श्रेयगुण नावाचा प्रकार होता हो तिथे. जो देतो त्याला पुढे घेतात.

(पण गाण्याचा मुद्दा बरोबर. मी मुख्यतः मोठ्या फाइलीच आणायचो.)


नवा_भिडू

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. हे सगळं आता कशाला? स्ट्रीमिंगवर सगळं आहे ना? महिन्याचे पैसे भरा आणि ऐका.


टेपवाला

‘सगळं’ या शब्दात गडबड आहे. गाणं असतं, पण कुठलं? पहिल्या एलपीवरचं मिश्रण वेगळं, सीडीवर आलं तेव्हाचं वेगळं, नंतर आवाज चढवून पुन्हा मास्टर केलेलं तिसरं. स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा शेवटचंच दिसतं. परवाना संपला की तेही एका सकाळी करडं झालेलं. आणि ज्या छोट्या लेबलांची कंपनीच उरली नाही, त्यांचं संगीत चढवणार कोण?

मैफलींचं ध्वनिमुद्रण हा तर वेगळाच प्रांत, आणि या धाग्यात त्याचा उल्लेख कसा नाही याचं आश्चर्य वाटलं. फाइल शेअरिंग म्हणजे चोरीच असं समजणाऱ्यांनी हा भाग वाचावा. काही बँड पूर्वीपासून प्रेक्षकांना मैफल टेप करू देतात. अट एकच, विकायची नाही. ग्रेटफुल डेड हे त्यातलं सगळ्यात ठळक नाव. १९८४ पासून त्यांच्या मैफलीत टेप करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं आणि वेगळी जागा असे. या टेपा पोस्टानं फिरायच्या. तुम्ही कोरी कॅसेट आणि परतीची तिकिटं पाठवायची, समोरचा भरून पाठवायचा. प्रत्येक प्रतीला आवाज थोडा मरायचा, म्हणून ‘कितवी पिढी?’ हा पहिला प्रश्न.

१९९८ मध्ये ईट्री सुरू झालं ते याच दुखण्यावर. ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक, ट्री म्हणजे झाड. खोडाकडून फांद्यांकडे, फांद्यांकडून पानांकडे, पण प्रत्येक प्रत हुबेहूब. आधी शॉर्टन आणि २००१ नंतर हळूहळू फ्लॅक, दोन्ही आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारे प्रकार. एमपी३ला बंदी, कारण एकदा एमपी३ झालं की गेलेलं परत येत नाही. २००२ पासून इंटरनेट आर्काइव्हवर लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह आहे, ईट्रीच्याच लोकांच्या साथीनं उभं राहिलेलं. ज्या कलाकारांनी परवानगी दिली फक्त त्यांचंच तिथे ठेवतात. थेट ऐका, नाहीतर उतरवा, कुणाची चोरी नाही.

तुमची फाइल, खरखर, मला प्रेक्षकांतून टेप केलेली वाटते. खोकला इतका जवळून ऐकू येतो म्हणजे माइक खोकणाऱ्याच्या शेजारी होता. साउंडबोर्डवरून (मंचावरच्या माइकांचा आवाज जिथे एकत्र येतो तिथून थेट) घेतलेली असती तर खोकला पुसट आला असता आणि पियानो कोरडा. जागा मोठी की छोटी हे टाळ्यांवरून कळेल. काही सेकंद टाळ्या मोजून सांगा.


कानसेन

मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. आधी ती फाइल स्पेक या प्रोग्रॅममध्ये उघडा. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, दिसेल, खाली जड आवाज, वर बारीक. १२८च्या एमपी३मध्ये १६,००० हर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखी सपाट रेघ असते आणि वर अंधार. सीडीवरून आलेला माल २२,०००च्या जवळपास जातो. ‘फ्लॅक’ म्हणून मिळालेली फाइल उघडली आणि १६,०००ला कडा दिसला तर समजा, कुणीतरी एमपी३लाच फ्लॅकचा सदरा घातलाय. आकार मोठा, आतला माल तोच. सोलसीकवर असे सदरे भरपूर.

एक इशारा, कारण नवशिके हे शिकले की सगळ्यांनाच चोर ठरवत सुटतात. एफएम रेडिओवर मुळातच १५,००० हर्ट्झच्या वरचं पाठवत नाहीत. त्यामुळे रेडिओवरून टेप केलेली अगदी खरी मैफलही कापलेली दिसते. १९२५च्या आधीच्या, कर्ण्यात गाऊन कोरलेल्या तबकड्यांत तर संगीत ५-६ हजारांच्या वर फारसं नसतंच. वर दिसतं ती खरखर. (धागाकर्त्यांची नव्हे.)


खरखर

हाहा. केलं. १६,००० ला स्वच्छ कडा. म्हणजे आपलं साधं १२८. टाळ्या: पाच-सहा सेकंदच आहेत, पण माणसं मोजता येतील इतकी कमी. तीस-चाळीस असावीत. मी आजवर त्या टाळ्यांकडे लक्षच दिलं नव्हतं.

अकूस्टआयडी या गाणी ओळखणाऱ्या सेवेतही टाकून बघितलं. काही नाही.


कानसेन

येणारही नाही. ते फाइलच्या सुरुवातीचा सुमारे दोन मिनिटांचा ठसा घेतं आणि कुणीतरी आधी नोंदवलेल्या तशाच मुद्रणाशी जुळवतं. तेच गाणं, तोच वादक, पण दुसऱ्या रात्री वाजवलेलं, तरीही जुळणार नाही. चाल ओळखणं हे त्याचं कामच नव्हे.


बीजधारक

टोरंटला ‘शोधता येत नाही’ म्हणून बाजूला सारू नका. शोध प्रोटोकॉलमध्ये नव्हता म्हणून लोकांनी तो बाहेर बांधला, आणि संगीतात तो जितका सुरेख बांधला गेला तितका कुठेच नाही. २००७ मध्ये बंद पाडलेलं ऑइंक हे टोरंटचं संकेतस्थळ आणि त्याच्या राखेतून आलेलं व्हॉट.सीडी, जे नोव्हेंबर २०१६ पर्यंत चाललं. दोन्ही कायद्याच्या दृष्टीनं टिकणारी नव्हतीच, त्यावर वाद नाही. पण तिथली नोंदवही! एकाच अल्बमच्या सगळ्या आवृत्त्या, कुठल्या देशातली, कुठल्या कॅटलॉग क्रमांकाची, सीडी कुठल्या प्रोग्रॅमनं वाचली, वाचताना एकही चूक झाली नाही याचा लॉग सोबत. ग्रंथपालांनी शिकावं असं काम बिनपगारी पोरं करत होती.

आणि बंद होताना काय गेलं? फाइली लोकांच्या डिस्कवर होत्याच. गेली ती नोंदवही. व्हॉट.सीडीवाल्यांनी सगळा डेटा नष्ट केल्याचं स्वतःच जाहीर केलं. म्हणजे तुमचाच मुद्दा आहे हा खरखर, आणणं वाचलं, शोधणं मेलं.

एका खाजगी ट्रॅकरवर, म्हणजे निवडक सभासदांच्या टोरंट संकेतस्थळावर (नाव सोडा), मी रेशोसाठी जे केलं ते आठवलं की हसू येतं. जितकं घेतलं तितकं देणं बंधनकारक. पण माझं कनेक्शन मंद, मी फाइल चढवेपर्यंत एखाद्या वेगवान सर्व्हरवाल्यानं सगळ्यांना वाटून मोकळं केलेलं. शेवटी मला न आवडणारं संगीत, निव्वळ त्याला मागणी आहे म्हणून, घेऊन महिनोन्‌महिने धरून बसलो. संगीतप्रेमी म्हणून गेलो होतो, अडत्या होऊन बाहेर पडलो.


नवा_भिडू

टोरंटमध्ये अल्बममधलं एकच गाणं निवडलं तरी शेजारच्या गाण्यांचे अर्धवट तुकडे का येतात? मला आधी व्हायरस वाटला होता.


बीजधारक

व्हायरस नाही. टोरंटला फाइली दिसत नाहीत, तो सगळा अल्बम एका लांब पट्टीसारखा बघतो आणि सारख्या मापाचे तुकडे करतो. एका तुकड्यात तिसऱ्या गाण्याचं शेपूट आणि चौथ्याचं डोकं असू शकतं. हॅश अख्ख्या तुकड्याचा, म्हणून दोन्ही आणावं लागतं. नव्या, दुसऱ्या आवृत्तीच्या टोरंटमध्ये प्रत्येक फाइल स्वतःच्या तुकड्यापासून सुरू होते, पण ते टोरंट अजून कमीच दिसतात.

व्हायरस खरा असायचा तो लाइमवायरच्या काळात. गाण्याच्या नावापुढे डॉट एमपी३ डॉट ईएक्सई. विंडोज शेवटची शेपटी लपवायचं, त्यामुळे दिसायचं फक्त एमपी३. आकार बघावा. १०० केबीचं गाणं नसतं.


काठावरचा

कायद्याचं कुणीतरी नीट लिहा. नवीन लोक वाचतात.


टेपवाला

थोडक्यात लिहितो. प्रोग्रॅम वापरणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा नाही, हक्क असलेलं मुद्रण परवानगीशिवाय वाटणं आहे. आणि या जाळ्यांत घेणारा बहुधा देणाराही असतो. टोरंटमध्ये उतरवता उतरवताच तुम्ही पुढे देत असता, आणि तुमचा आयपी पत्ता सगळ्या थव्याला, म्हणजे तीच फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या सगळ्यांना, दिसतो.

अमेरिकेत सप्टेंबर २००३ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी एका फटक्यात २६१ सामान्य माणसांवर दावे लावले. कझावर २४ गाणी वाटल्याबद्दल एका बाईंना २००७ मध्ये ज्यूरीनं २,२२,००० डॉलर ठोठावले. पुढे खटला पुन्हा चालला, आकडे वरखाली झाले आणि अखेर तोच आकडा कायम राहिला. प्रोग्रॅम बनवणारेही सुटले नाहीत. २००५ च्या ग्रोकस्टर निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हक्कभंगाला उद्देशून चिथावणी देत असाल तर यंत्र निरुपद्रवी आहे ही सबब चालणार नाही. लाइमवायर २०१० मध्ये त्याच रस्त्यानं गेलं.

मुदती देशागणिक वेगळ्या, तेव्हा आपापल्या ठिकाणचं बघावं. परवानगीचं, मुदत संपलेलं किंवा कलाकारानं मुक्त सोडलेलं एवढ्यावरही माणसाचं आयुष्य सहज निघतं.


रात्रपाळी

यूजनेट आणि आयआरसी राहिलं, दोन ओळी टाकतो. आयआरसीवर चॅनेलमध्ये जाऊन बॉटला विशिष्ट आज्ञा द्यायची, रांगेत नंबर लागायचा, फाइल यायची. शोध म्हणजे बॉटची मजकुराची यादी उतरवून नोटपॅडमध्ये चाळणं. यूजनेट हे चर्चांचं जुनं जाळं, मुळात मजकुरासाठी. त्यावर फाइल टाकायची तर तिचं अक्षरांत रूपांतर, त्यात आकार तिसऱ्या हिश्शानं फुगायचा. २००१ मध्ये वायएन्क ही रूपांतराची नवी पद्धत आली आणि ती सूज १-२ टक्क्यांवर आली. पार२ या दुरुस्तीच्या फाइली तर जादूच. पाच तुकडे हरवले? दुरुस्तीचे कुठलेही पाच आणा, मूळ फाइल उभी.

वेग भन्नाट, ओळख कुणाशीच नाही. मला ते गोदाम वाटायचं.

अवांतर: ब्लॉगवाले आणि फाइल लॉकर (फाइल चढवून तिची लिंक देणारी संकेतस्थळं). २००५ ते २०१२ दुर्मिळ संगीतावर लिहिणारे काय एकेक ब्लॉग होते. अल्बमवर चार परिच्छेद आणि खाली लिंक. जानेवारी २०१२ मध्ये मेगाअपलोड बंद झालं, मार्च २०१५ मध्ये रॅपिडशेअर. आता परिच्छेद आहेत, लिंका मेल्यात.


खरखर

आता माझं सोलसीक-पुराण, कारण त्यातच एक बातमीही आहे.

सोलसीक नॅप्स्टरच्याच एका माजी प्रोग्रॅमरनं, निर आर्बेलनं, लिहिलं. सुरुवात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वेड्यांपासून. तंत्र बघाल तर मागासलेलं. फाइल एका वेळी एकाच माणसाकडून येते, तुकडे वगैरे काही नाही. तो ऑफलाइन गेला की तुम्ही लटकला. आपला पोर्ट बाहेरून उघडा नसेल तर निम्म्या लोकांशी जोडणीच होत नाही. वेगात टोरंट त्याला दहादा हरवेल.

पण शोध फाइलच्या नावापुरता नसतो, अख्ख्या फोल्डरच्या वाटेत होतो. म्हणजे फाइलीचं नाव ‘०७’ असलं तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव बरोबर असेल तर सापडते. आणि सापडली की ‘ब्राउझ’ म्हणायचं आणि त्या माणसाच्या कपाटापुढे उभं राहायचं. कुणी वर्षाप्रमाणे लावलेलं, कुणी लेबलाप्रमाणे, एकाचा फोल्डर होता ‘आईला आवडलं नाही’. त्यात अप्रतिम माल होता.

(डीसी प्लस प्लस या प्रोग्रॅमवरही समोरच्याची पूर्ण यादी उतरवता यायची, पण हबमध्ये, म्हणजे तिथल्या सामायिक खोलीत, शिरायलाच अमुक जीबी वाटायची अट. त्या अटीसाठी लोक कचरा वाटायचे.)

तर बातमी. टेपवाल्यांच्या टाळ्यांच्या प्रश्नानंतर माझी खात्री झाली की हे छोट्या जागेतलं, छोट्या बँडचं आहे. बरोबर नाव शोधून उपयोग नाही, ते माहीतच नाही. मग उलटं केलं. त्या चुकीच्या टॅगवरचं चुकीचं नाव, त्यातल्या स्पेलिंगच्या चुकीसकट, जसंच्या तसं सोलसीकमध्ये टाकलं. जगात ती चूक आणखी कुणाकडे आहे?

तिघांकडे. दोघांकडे सुटी फाइल, माझ्यासारखीच ४:११. तिसऱ्याचं ब्राउझ केलं. त्याच्याकडे ती ‘वर्गवारी बाकी’ फोल्डरमध्ये, आणि दोन पायऱ्या वर दुसऱ्या एका फोल्डरमध्ये एकूण नऊ फ्लॅक फाइली. सातवीची लांबी ४:३८. सोबत एक मजकुराची फाइल. ती छोटी असल्यामुळे लगेच आली.


टेपवाला

४:३८! टाळ्या कापल्या नसत्या तर तेवढीच भरली असती. मजकुरात काय आहे ते लवकर टाका. माइक, डेक, कुणाकडून कुणाकडे, सगळं लिहिलेलं असेल.


खरखर

आहे. त्रिकुट आहे, पियानो, बास, ड्रम्स. नाव इथे टाकत नाही, आधी त्यांना मेल करतोय, त्यांचं संकेतस्थळ अजून चालू आहे. माइकचं मॉडेल, डॅट (डिजिटल टेप) रेकॉर्डर, डॅटवरून संगणकावर कसं घेतलं, प्रत्येक फाइलचा चेकसम (प्रत हुबेहूब आहे का ते तपासायचा आकडा), आणि ‘बँडच्या परवानगीनं, विक्रीसाठी नाही’. सगळ्यात खाली एक ओळ: ‘सातव्या गाण्यातला खोकला माझा, माफ करा.’


कानसेन

काय सांगता!!


मोडेमवीर

वीस वर्षं ज्याचा खोकला ऐकलात तो टेप करणाराच निघाला. :D


गाढवप्रेमी

फ्लॅक आली का?


खरखर

नाही. रांगेत १९ वा होतो, काल रात्री ६ वर आलो. मग तो ऑफलाइन गेला.

या वेळी माझा फोल्डर शेअर केलाय हां, गाढवप्रेमी. आर्काइव्हमधल्या मैफली ठेवल्यात त्यात. संगणक चालूच ठेवलाय.